रागावलेल्या मुलासाठी चित्रपुस्तक: कुठलं घ्यावं, कधी उघडावं, कसं वाचावं

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका आईचा प्रश्न आहे. मुलगा साडेचार वर्षांचा. चार महिन्यांपूर्वी त्याला धाकटी बहीण झाली. तेव्हापासून तो चिडला की हाताला येईल ते फेकतो, दोनदा बाळाच्या हाताला चावला आहे, आणि सुटलेली अंथरूण ओलं करायची सवय परत सुरू झाली आहे. आईने 'भावना ओळखायला शिकवणारी' सहा पुस्तकं मागवली, पण पुस्तक काढलं की तो ते ढकलून देतो नाहीतर कानांवर हात ठेवतो. आजोबा तालमीत वाढलेले. त्यांचं म्हणणं, पोरानं रडायचं कशाला आणि त्यावर पुस्तकं कसली वाचायची. अशा वेळी कोणती पुस्तकं घ्यावीत आणि ती वाचावीत कशी?

सगळ्यांत आधी हे आठवून बघा की ती सहा पुस्तकं कपाटातून बाहेर निघतात कधी. बहुतेक घरांत क्रम ठरलेला असतो. पोरानं काहीतरी फेकलं, ओरडा खाल्ला, रडला, आणि हुंदके थांबतायत न थांबतायत तोवर आई म्हणते, "ये, आपण रागाचं पुस्तक वाचू." मुलाच्या हिशेबी ते पुस्तक म्हणजे मघाच्या ओरड्याचा उरलेला भाग. यातलं चिडकं अस्वल म्हणजे आपणच आणि शेवटच्या पानावर ते शहाणं होणार, हे त्याला दुसऱ्याच पानावर कळतं. मग तो कानांवर हात ठेवतो. मोठ्या माणसालाही भांडणानंतर लगेच कुणी 'राग कसा आवरावा' वाचून दाखवलं तर तो उठून जाईल.

म्हणून ती सहाही पुस्तकं दोन आठवडे नजरेआड ठेवा. वाचन मात्र थांबवू नका. ट्रॅक्टर, हत्ती, आंबे, काहीही चालेल, फक्त पुस्तक त्याने निवडलेलं असावं. पुस्तक आणि आईची कूस ही जोडी आधी पुन्हा सुखाची व्हायला हवी. बाळ दुपारी झोपलं की पहिली दहा मिनिटं याच कामाला ठेवा. तेवढ्यात भांडी घासून घ्यावीशी वाटतील, ती राहू देत. चार महिने ज्या मांडीवर त्याची जागा गेली आहे, ती दहा मिनिटं पूर्ण त्याची असली पाहिजे. पुस्तक त्याच्या हातात, पान उलटणार तो. दोन पानं एकदम उलटली तरी मागे आणू नका.

तो भडकलेला असताना पुस्तकाचा काही उपयोग नाही. त्या वेळी तोंडाचं बोलणं त्याच्यापर्यंत पोचतच नाही. तेव्हा हात धरायचा, "चावू देणार नाही, बाळाला दुखतं," एवढंच म्हणायचं, बाळाला उचलून दुसऱ्या कुणाकडे द्यायचं आणि त्याच्याजवळ बसायचं. प्रश्न नाहीत, उपदेश नाही. भावनेचं पुस्तक उघडायचं ते त्यानंतर निदान दोन तासांनी, पोट भरलेलं असताना. भीतीचं पुस्तक असेल तर सुरुवातीला दिवसाउजेडीच वाचा, झोपताना नको.

आता निवड. दुकानात पुस्तक हातात घेतलं की मजकुरावर तळहात ठेवून नुसती चित्रं बघत शेवटपर्यंत जा. तुम्ही वाचत असता तेव्हा मूल अक्षरांकडे बघत नसतं, ते सगळा वेळ चित्र वाचत असतं. म्हणून भावना चित्रात असली पाहिजे: वर चढलेले खांदे, आवळलेल्या मुठी, पायाची आखडलेली बोटं, आई आणि मुलगी यांच्यामधलं अंतर. काही पुस्तकांत राग म्हणजे लाल गोळा, दुःख म्हणजे निळा गोळा एवढंच असतं. त्यातून मुलाची रंगांची जोडी पाठ होते, पण स्वतःच्या पोटात काय होतंय याचा पत्ता लागत नाही. तुमच्या सहांपैकी अशी जी असतील ती रंग ओळखायला वापरा, रागासाठी नको.

चित्रपुस्तक बहुधा ३२ पानांचं असतं, कारण छपाईच्या कागदाची घडी घातली की सोळा-सोळा पानांचे गठ्ठे पडतात. पिनेच्या स्वस्त पुस्तकांत १६ किंवा २४ पानं मिळतात. ३२ पानांतून मुखपृष्ठालगतची आणि प्रकाशकाच्या तपशिलाची पानं वजा केली की समोरासमोरच्या पानांच्या १२ ते १४ जोड्या गोष्टीला उरतात. या जोड्या मोजा. राग कितव्या जोडीवर येतो आणि कितव्या जोडीवर जातो? तिसऱ्यावर आला, पाचव्यावर कुणा बाईंनी किंवा शहाण्या घुबडाने भाषण दिलं आणि तिथून पुढे नुसती माफी आणि मिठ्या असतील, तर ते पुस्तक ठेवून द्या. चांगल्या पुस्तकात भावनेला निदान निम्मी पानं राहायला मिळतात. ती वाढते, शिगेला पोचते आणि मग ओसरते. मॉरिस सेंडाक यांचं १९६३ साली आलेलं आणि जगभर गाजलेलं 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' हे चित्रपुस्तक याच कारणासाठी अजून वाचलं जातं. त्यात मुलाचा राग वाढतो तसं चित्र पानभर पसरत जातं, ऐन भरात शब्दच गायब होतात आणि नुसतं चित्र उरतं. मुलगा परत येतो तेव्हा त्याचं जेवण त्याच्यासाठी ठेवलेलं असतं, अजून गरम. मध्ये कुणीही त्याला समजावत नाही.

शेवटचं पान वेगळं तपासा. तिथे तात्पर्य छापलं असेल तर ते वाचायचं नाही, पुस्तक त्याच्या आधीच्या पानावर मिटायचं. नायकाची सुटका कुणी केली तेही बघा. मोठ्या माणसाने सगळं सोडवलं असेल तर मुलाच्या हाती काही लागत नाही. त्याने स्वतः काहीतरी छोटं केलं असेल, पांघरुणात शिरला, मातीत खड्डा खणला, कुत्र्याला जाऊन सांगितलं, तर ते मुलाला उचलता येतं.

मजकूर वयाला जड नको. दोन-तीन वर्षांच्या मुलाला पानागणिक एक वाक्य पुरतं. साडेचारला पूर्ण पुस्तक ३०० ते ५०० शब्दांत संपावं, त्याहून लांब असेल तर त्याचं लक्ष भावनेवरून कथानकावर जातं. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठीसकट अनेक भाषांतली चित्रपुस्तकं मोफत आहेत आणि ती पातळ्यांनुसार लावलेली आहेत. तुम्हाला पहिली आणि दुसरी पातळी बघायची आहे. दुसरी साधारण ६०० शब्दांपर्यंत जाते. पुस्तक उतरवून छापून घेता येतं. मोबाईलवर वाचू नका. एवढ्याशा चित्रात चेहरा दिसत नाही, आणि मध्येच फोन वाजला की बैठक मोडते. छापील मराठी पुस्तकांत नॅशनल बुक ट्रस्ट आणि पुण्याचं ज्योत्स्ना प्रकाशन यांच्या याद्या आधी बघा. माधुरी पुरंदरे यांच्या चित्रांतली घरं आणि माणसं आपल्या ओळखीची असतात. स्वयंपाकघर, चपलांचा ढीग, दुपारी आडवी झालेली आजी हे मुलाला नव्याने समजावून घ्यावं लागत नाही. सहा पुस्तकं एकदम विकत घेण्यापेक्षा ग्रंथालयातून दोन-दोन आणून पारखा. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आपल्या गावात आहे. आणलेलं पुस्तक मुलाने तीनदा मागितलं तरच विकत घ्या.

नायक माणूस असावा की प्राणी, हा प्रश्न बऱ्याच पालकांना पडतो. टोरांटोतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये चार ते सहा वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. वाटून घेण्याची एकच गोष्ट काहींना माणसांच्या आणि काहींना कपडे घातलेल्या प्राण्यांच्या चित्रांतून वाचून दाखवली. नंतर स्टिकर वाटायला दिले, तेव्हा माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी जास्त वाटले. म्हणजे एखादी कृती उचलायची असेल, डबा वाटून खाणं किंवा आपली पाळी येईपर्यंत थांबणं, तर माणसांची पुस्तकं घ्या. पण जखम ओली असेल तेव्हा मला उलटं बरं वाटतं. ज्या मुलाच्या घरात चार महिन्यांचं बाळ आहे, त्याच्यापुढे पहिल्याच आठवड्यात 'घरात बाळ आलं' असं पुस्तक ठेवणं म्हणजे दुखऱ्या जागेवर बोट ठेवणं. सुरुवात घरटं वाटून घ्यावं लागलेल्या पिल्लाने किंवा जागा गेलेल्या मांजराने करा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, त्याने स्वतःहून बाळाचा विषय काढल्यावर, माणसांचं पुस्तक आणा.

भावंडांच्या पुस्तकांत एक मोठी खोट असते. दादा आधी रुसतो, मग बाळाचं लंगोट आणून देतो, सगळे शाबासकी देतात, तो खूश. मूल यातून एवढंच घेतं की मदत केली तरच मी घरात हवा आहे. ज्या पुस्तकात आई दादाला काही काम न सांगता जवळ घेते, ते शोधा. दुसरी सावधगिरी म्हणजे जी भीती मुलाला नाहीच, तिचं पुस्तक आणू नका. पलंगाखालच्या राक्षसाला घाबरू नये असं सांगणाऱ्या पुस्तकातूनच काही मुलांना पहिल्यांदा कळतं की पलंगाखाली राक्षस असू शकतो.

भाषेचा मुद्दा माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा आहे, आणि तोच सगळ्यांत दुर्लक्षित. भाषांतरित पुस्तकांत 'मी रागावलेला आहे', 'मी दुःखी आहे' अशी वाक्यं असतात. आपण असं बोलत नाही. आपण म्हणतो, मला राग आला, मला रडू आलं, मला भीती वाटली, मला करमत नाही. मराठीत भावना माणसाकडे येते. जी आली ती जाणार, हे वाक्याच्या घडणीतच आहे. साडेचार वर्षांच्या मुलाला याहून मोठा दिलासा काय द्यायचा? म्हणून मोठ्याने वाचताना छापील वाक्य बिनधास्त बदला: "अस्वल रागीट आहे" ऐवजी "अस्वलाला राग आलाय", आणि चार पानांनी "गेला वाटतं राग." घरातही 'चिडका', 'रडका', 'भित्रा' ही विशेषणं बंद झाली पाहिजेत. विशेषण चिकटतं, येत-जात नाही.

शिवाय मराठीत राग एकच नाही. रुसणं वेगळं, फुरंगटणं वेगळं, धुसफुसणं वेगळं. रुसलेल्याला कुणीतरी समजूत काढायला यावं असं वाटत असतं. चिडलेल्याला तेव्हा कुणीच नको असतं. हिरमुसलेल्याचं काहीतरी हुकलेलं असतं. वैतागलेला बहुतेक दमलेला किंवा भुकेलेला असतो. भीतीतही बुजणं, दचकणं, धास्ती घेणं, भेदरणं असे पदर आहेत. पुस्तकात सगळीकडे 'राग' छापलेलं असलं तरी चित्र बघून नेमका शब्द तुम्ही घाला: "हा चिडलेला नाही वाटत, रुसलाय. बघ, पाठ फिरवलीय पण कान इकडेच आहेत." आठवड्याला दोनच नवे शब्द घ्या. शरीराचे वाक्प्रचार तर आयते आहेत: पोटात गोळा येणं, छातीत धडधडणं, घसा दाटून येणं, कान तापणं. चित्रातल्या मुलाच्या पोटावर बोट ठेवून "इथे गोळा आला असेल का?" असं विचारलं की मूल बहुधा स्वतःच्या पोटाला हात लावून बघतं. भावनेला नाव दिल्याने तिची धार कमी होते याला थोडा शास्त्रीय आधारही आहे. मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मेंदूची प्रतिमा घेऊन दाखवलं की चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द दिला की मेंदूतल्या भीतीशी जोडलेल्या भागाची हालचाल मंदावते. तो अभ्यास मोठ्या माणसांवरचा होता, लहान मुलांना तो जसाच्या तसा लावू नये.

आता प्रत्यक्ष वाचन. पहिल्यांदा पुस्तक सरळ वाचून काढा, एकही प्रश्न नको. दुसऱ्या वाचनापासून दर तीन जोड्यांमागे एक थांबा. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये 'संवादी वाचना'वरचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांनी वाचताना उघडे प्रश्न विचारले, मुलाच्या उत्तरात थोडी भर घातली, आणि महिनाभरात ती मुलं बोलण्यात पुढे गेली. भावनेच्या पुस्तकात हीच रीत चालते, फक्त प्रश्न कमी आणि थांबणं जास्त. विचारून झाल्यावर मनात सातपर्यंत आकडे मोजा. आपण बहुतेक जण दोनला बोलतो आणि मुलाचं उत्तर आपणच देऊन टाकतो.

एक पान जवळून बघू. समजा, चित्रात टेबलाखाली मुलगी बसलीय, तिचे फक्त पाय आणि फ्रॉकची किनार दिसतेय. वर टेबलापाशी आई बाळाला पाजतेय, शेजारी कप, सांडलेलं दूध. मजकूर एकच ओळ: 'मिनूला कुणी हाक मारली नाही.' तुम्ही ओळ वाचलीत. आता थांबा. तो टेबलाखाली बघेल. "पायाची बोटं बघ हिची," एवढंच म्हणा. सात आकडे. तो म्हणाला, "ती बाळाला खाली टाकणार." इथे सगळा कस लागतो. "छे, असं नाही म्हणायचं, बाळ किती गोड असतं" असं तोंडून निघालं की दार बंद. तो पुन्हा कधी खरं बोलणार नाही. म्हणायचं असं: "इतका राग आलाय तिला. बाळ नकोच वाटतंय." मग परत थांबा. तो काही बोलला नाही तर पान उलटा. "तुलाही असंच होतं का रे?" हे विचारायचं नाही. पुस्तकातल्या मुलीबद्दल बोलताना तो स्वतःबद्दलच बोलत असतो, आणि मिनूचा आडोसा काढून घेतला की गप्प होतो. ज्या दिवशी तो स्वतः म्हणेल, "मला पण येतो," त्या दिवशी "हं, कुठे येतो? पोटात का हातात?" एवढा एक प्रश्न पुरे. आणि पुस्तक संपल्यावर "काय शिकलास?" कधीच नाही.

तेच पुस्तक तो रोज मागेल, आठ-दहा दिवस. कंटाळा तुम्हाला येईल, त्याला नाही. शेवट ठाऊक असतो म्हणूनच मधल्या भीतिदायक पानावर तो निर्धास्त थांबू शकतो. एखादं पान तो नेहमी घाईने उलटत असेल तर तेच पान त्याला लागतंय असं समजा, पण उलटू द्या. थोड्या दिवसांनी तो तिथे आपणहून थांबेल.

पुस्तकाबरोबर शरीराची एक कृती जोडा. 'दीर्घ श्वास घे' हे या वयाला कळत नाही, ती छाती फुगवून श्वास धरून ठेवतात आणि आणखी लाल होतात. आपल्याकडे त्यासाठी फुंकर आहे. गरम दुधावर घालतो तशी हळू, लांब फुंकर. फुंकर घालताना उच्छ्वास आपोआप लांबतो आणि धडधड उतरायला मदत होते. पुस्तकातल्या चिडलेल्या प्राण्याला रोज तीन फुंकरी घालायचा खेळ करा, "तापलाय, गार करू या." शांत वेळी पंधरा-वीस दिवस सराव झाल्यावरच चिडलेल्या वेळी ती आठवते. त्याआधी रागात "फुंकर घाल" म्हणालात तर तीही चिडवल्यासारखी वाटते.

आजोबांचं, म्हणजे आबांचं, काय? त्यांच्याशी वाद घालून पुस्तक जिंकत नाही. पुस्तक त्यांच्याच हातात द्या. "आबा, मला बाळामुळं उसंत नाही, रात्रीची गोष्ट तेवढी तुम्ही वाचता का?" असं विचारा. तालमीत वाढलेल्या माणसाला एक गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही: भडकलेला पैलवान डाव चुकतो, आणि वस्ताद आधी दम राखायला शिकवतात. हे ते नातवाला आपल्या शब्दांत सांगू शकतात, तुमच्यापेक्षा चांगलं. 'बायकांसारखा रडतोस काय' हे वाक्य मात्र थांबायला हवं, त्यासाठी त्यांच्याशी मुलाच्या माघारी आणि आदराने बोला. पर्यायी वाक्य द्या, नुसतं 'असं म्हणू नका' देऊ नका: "आबा, रडू आलं तर 'रडून घे, मी हाय हितं' एवढं म्हणा." लहानपणी त्यांना कशाची भीती वाटायची हे त्यांनी सांगितलं तर उत्तमच. आबाही घाबरायचे, हे कळणं कुठल्याही छापील पुस्तकाच्या तोडीचं आहे.

विकतच्या पुस्तकांनी पंधरवड्यात जम बसला की एक पुस्तक घरी बनवा. ए-फोर आकाराचे चार जाड कागद एकात एक घालून मधोमध दुमडले की १६ पानं होतात. वरून कार्डशीटचं वेष्टण. घडीवर सुईने तीन भोकं पाडा, एक मध्यावर आणि दोन्ही टोकांपासून तीन-तीन सेंटिमीटरवर एकेक. दोरा आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, वरच्या भोकातून आत घ्या, आतल्या आत खाली नेऊन खालच्या भोकातून बाहेर, आणि परत मधल्या भोकातून आत. आतला लांब टाका दोन्ही टोकांच्या मधे येईल असं धरून गाठ मारा. स्टेपलरची पिन लावू नका, लहान बाळ घरात आहे, ते ओढून तोंडात घालेल.

पहिल्या पानावर नाव, शेवटचं पान राखीव, मध्ये सात जोड्या. पहिलीवर नायकाचा रोजचा दिवस. दुसरीवर घरात नवं कुणीतरी आलं. तिसरीवर काय-काय बदललं: आईची दुपार, झोपायची जागा, येणारे पाहुणे कुणाकडे बघतात. चौथीवर राग शरीरात कुठे येतो, इथे माणसाची नुसती बाह्यरेषा काढा आणि तेलखडू त्याच्या हातात द्या. पाचवीवर सगळ्यांत वाईट क्षण. हे पान गाळू नका, 'त्याने वाटी फेकली' हे त्यात यायला हवं. सहावीवर कुणीतरी येऊन शेजारी बसलं, बोललं काही नाही. सातवीवर बरं वाटायला लावणाऱ्या दोन गोष्टी, त्याने सांगितलेल्या. शेवटच्या पानावर फक्त त्याची अशी एक जागा: बाबांबरोबर, बाळ घरी ठेवून, रात्री गंगावेशीत दूधकट्ट्यावर उभं राहून प्यालेलं ग्लासभर फेसाळ दूध. पुस्तकात आलं की ते आठवड्यातून एकदा खरोखर घडलंही पाहिजे.

नायकाचं नाव त्याचं नको, तो ठेवेल ते. शब्द तो सांगेल तसे उतरवा. 'मला लई राग आला' म्हणाला तर तेच लिहा, 'खूप' करू नका. मोठ्यांच्या हातून इथे ठरावीक चुका होतात. शेवटी 'मग तो शहाणा झाला' जोडलं जातं. पाहुण्यांपुढे पुस्तक काढलं जातं. पानांचे फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर जातात. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे पुढच्या भांडणात "पुस्तकात काय लिहिलंयस तू?" असं ऐकवलं जातं. यातलं एकही झालं की ते पुस्तक संपलं.

बाकीच्या भावनांबद्दल थोडक्यात. शाळेची भीती असेल तर पुस्तक जूनमध्ये शाळा उघडायच्या आठ-दहा दिवस आधी सुरू करा, महिनाभर आधी केलं तर नुसती धास्ती लांबते. पुस्तकात आई परत न्यायला येते ते पान असलंच पाहिजे.

मृत्यूच्या पुस्तकात 'झोपी गेले' किंवा 'लांब गेले' असेल तर घेऊ नका. मुलं शब्द जसाच्या तसा घेतात, मग झोपायला घाबरतात किंवा परत कधी येणार विचारत राहतात. 'देवाघरी गेले' हे आपल्या घरांत सहज येतं, ते म्हणा, पण त्याबरोबर हेही सांगा की शरीर बंद पडलं, आता दुखत नाही, परत येणार नाही. पाच-सहा वर्षांखालच्या मुलाला 'कायमचं' हे कळत नाही, त्यामुळे तोच प्रश्न शंभरदा येईल आणि शंभरदा तेच उत्तर द्यावं लागेल.

पुराची भीती हा आपला खास विषय. २०१९ आणि २०२१ नंतर जुलै-ऑगस्टमध्ये घरोघरी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बोलली जाते. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे आकडे मोठ्यांच्या आवाजातून मुलांपर्यंत पोचतात, अर्थ न कळता. चिखली, आंबेवाडीकडच्या किंवा शिरोळ तालुक्यातल्या ज्या मुलांनी घर सोडलंय, त्यांच्यासाठी पावसाचं पुस्तक मे महिन्यात काढा, पाणी वाढत असताना नको. त्यात माणसं कुठे गेली, जनावरांचं काय झालं आणि परत आल्यावर काय सापडलं, ही तीन उत्तरं चित्रांत हवीत. बहुतेक मुलं पहिल्यांदा म्हशीबद्दल किंवा कुत्र्याबद्दलच विचारतात.

फरक कधी दिसेल? तीन-चार आठवड्यांत चावणं थांबेल असं धरून चालू नका. पहिली खूण वेगळीच असते. पुस्तकातला एखादा शब्द जेवताना किंवा खेळताना त्याच्या तोंडून निघतो, "मिनू रुसली तशी." त्यानंतर फेकण्याच्या आधी क्षणभर थांबणं येतं. संख्या नंतर कमी होते. बाळ झाल्यावर अंथरूण ओलं होणं बहुधा काही महिन्यांत आपोआप सुटतं, त्यावर पुस्तक शोधू नका, बोलणंही टाळा. मात्र दिवसाही कपडे ओले होत असतील, लघवीला जळजळ असेल, येणारं बोलणं मागे गेलं असेल, महिनाभर झोप-जेवण बिघडलं असेल, तो स्वतःला मारून घेत असेल किंवा बाळाला पुन्हा इजा होत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि त्यांच्याकडून बालमानसतज्ज्ञांकडे जा. टेलिमानस ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते. बाळंतपणानंतर तुमचंच मन जड राहत असेल तर तुमच्यासाठीही. तोवर बाळ आणि तो यांना एका खोलीत एकटं सोडू नका, पाच मिनिटंही नाही.

घरचं पुस्तक त्याच्या हाताला येईल अशा खालच्या फळीवर ठेवा. तो ते लपवेल, दोन दिवस बघणार नाही, फाडेलही. फाटलं तर चिकटपट्टी त्याच्याच हातात द्या. आणि एखाद्या दिवशी चिडलेला असतानाच तो ते घेऊन तुमच्यापाशी आला, तर 'रागात पुस्तक नाही' हा वर सांगितलेला नियम मोडा. बाळ अंगावर असलं तरी एक हात मोकळा करा, आणि त्याने उघडलेल्या पानापासून वाचायला लागा, पहिल्या पानापासून नको.